वेळ विचारण्यालाही वेळ लागतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या विज्ञान पुरवणीत संगणकातील घड्याळांवर आलेला लेख आवडीने वाचला. आण्विक घड्याळातली वेळ आपल्या मोबाइलपर्यंत कशी झिरपत येते, हे त्यात सोप्या भाषेत आले आहे. मात्र शेवटच्या परिच्छेदात प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना सल्ला दिला आहे की, हाताशी असतील त्यांतले सर्वांत अचूक घड्याळ वापरावे. तिथे मी अडखळले. मी ऑपरेटिंग सिस्टिमचे ड्रायव्हर लिहिणाऱ्या गटात काम करते. ड्रायव्हर म्हणजे नेटवर्क कार्ड, डिस्क अशा उपकरणांशी थेट बोलणारा कोड. माझा बराचसा दिवस इतरांचा कोड तपासण्यात जातो आणि हाच सल्ला शिरोधार्य मानून लिहिलेल्या ओळींवर मला सतत शेरे मारावे लागतात. म्हणून दुसरी बाजू मांडते. पत्र लांबले तर कात्री आपल्या हातात आहेच.

साध्या पीसीत किंवा सर्व्हरमध्येही एकाहून जास्त घड्याळे असतात. सर्वांत जुना पीआयटी नावाचा टायमर सेकंदाला सुमारे ११ लाख ९३ हजार वेळा मोजतो. पॉवर मॅनेजमेंटसाठी आलेला एसीपीआय टायमर सुमारे ३५ लाख ८० हजार वेळा, आणि त्यानंतरचा एचपीईटी बहुतेक यंत्रांत सुमारे १ कोटी ४३ लाख वेळा. हे आकडे विचित्र वाटतात, पण तिघे एकाच घराण्यातले आहेत. पहिल्याला बाराने किंवा दुसऱ्याला चाराने गुणा, तिसरा मिळतो. मूळ सापडते अमेरिकी रंगीत टीव्हीच्या संकेतात. १९८१ च्या आयबीएम पीसीत त्या हिशेबाचा स्फटिक बसवला गेला आणि ती वंशावळ अजून चालू आहे. लेखात हे आले असते तर बहार आली असती.

ही तिन्ही घड्याळे प्रोसेसरच्या गाभ्याबाहेर असतात. त्यांचा आकडा हवा असेल तर प्रोसेसरने बाहेर विचारणा पाठवायची आणि उत्तर येईपर्यंत हात बांधून बसायचे. एचपीईटी एकदा वाचायला मायक्रोसेकंदाच्या, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या, आसपास वेळ जातो. चौथे घड्याळ टीएससी. हा काउंटर १९९३ च्या पेंटियमपासून प्रोसेसरच्या आतच आहे आणि तो काही दहा-वीस नॅनोसेकंदांत वाचून होतो. नॅनोसेकंद म्हणजे मायक्रोसेकंदाचा हजारावा भाग.

आता या किमती कामाशी ताडून पाहू. दहा गिगाबिटच्या नेटवर्कच्या जाळ्यावर सर्वांत लहान, ६४ बाइटची पॅकेट (माहितीचे तुकडे) एकामागून एक आली, तर पॅकेटाआधीचा इशारा आणि दोन पॅकेटांमधले मोकळे अंतर धरून प्रत्येकी ८४ बाइट जागा लागते. म्हणजे सेकंदाला १ कोटी ४८ लाख ८० हजार पॅकेट, आणि एका पॅकेटच्या वाट्याला ६७ नॅनोसेकंद. त्यातच डिस्क्रिप्टर (पॅकेट कुठे आहे ते सांगणारी नोंद) वाचायचा, बफर (पॅकेटसाठी मेमरीतली जागा) द्यायचा, पॅकेट वरच्या थराकडे सोपवायचे. अशा वेळी प्रत्येक पॅकेटमागे घड्याळ विचारले, तर टीएससीसारखे स्वस्त घड्याळही वाट्याचा तिसरा हिस्सा खाऊन टाकते. एचपीईटी विचारले तर एका वाचनात पंधरा पॅकेटांचा वेळ जातो. नाकापेक्षा मोती जड, असाच हा प्रकार.

हे कागदावरचे गणित नाही. एका ग्राहकाकडून तक्रार आली होती की आमच्या ड्रायव्हरचा वेग काही सर्व्हरवर एकाएकी निम्म्याच्याही खाली आला. ड्रायव्हर तोच, कार्ड तेच, कोडमध्ये ओळीचाही बदल नाही. सगळे जण इंटरप्ट (काम थांबवून लक्ष वेधणारी, प्रोसेसरला दिलेली हाक) आणि केबल तपासत बसले होते. प्रोफायलर, म्हणजे कुठल्या कोडमध्ये किती वेळ जातो हे दाखवणारे साधन, लावल्यावर यादीत सर्वांत वर दिसले ते एचपीईटी वाचणारे फंक्शन. पुढचा उलगडा सोपा होता. लिनक्स (त्या सर्व्हरवरची ऑपरेटिंग सिस्टिम) टीएससीवर पाळत ठेवतो. त्याची चाल दुसऱ्या घड्याळाशी जुळेनाशी झाली की तो टीएससीला अस्थिर ठरवतो आणि निमूटपणे एचपीईटीकडे वळतो. कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, लॉगमध्ये तशी ओळ पडते, पण ती वाचतो कोण? या सर्व्हरवर नेमके तेच झाले होते. ड्रायव्हर लिहिणाऱ्याने मात्र प्रत्येक पॅकेटला 'के-टाइम-गेट' हे वेळ विचारणारे फंक्शन बोलावले होते. आपल्या टेबलावरच्या यंत्रात ते वीस-पंचवीस नॅनोसेकंदांत परत येते, त्यामुळे त्याला कधी शंकाच आली नाही. शिवाय एचपीईटी अख्ख्या यंत्रात एकच, तेव्हा प्रोसेसरचे सगळे कोअर त्या एका रजिस्टरसमोर (उपकरणातल्या आकड्याच्या कप्प्यासमोर) रांग लावून उभे होते.

दुरुस्ती दोन ओळींची होती. लिनक्सच्या नेटवर्क ड्रायव्हरमध्ये पॅकेट एकेक करून नव्हे, घोळक्याने उचलली जातात. एका फेरीत नेहमी ६४ पर्यंत. फेरीच्या सुरुवातीला एकदा वेळ वाचली आणि तीच सगळ्यांना लावली. ती कशासाठी लागत होती, तर शेवटचे पॅकेट कधी आले याची नोंद ठेवायला. ती नोंद पुढे पाहिली जात होती सेकंदाच्या हिशेबात! नॅनोसेकंद मोजून आणायचे आणि पुढे सेकंदात गुंडाळून टाकायचे, असा कोड आमच्या क्षेत्रात मुबलक सापडतो.

माझा मुद्दा तेवढाच आहे. घड्याळ निवडताना आधी विचारायचे की हा आकडा कशासाठी हवा आहे, तो किती वेळा वाचला जाणार आहे, आणि त्यात किती चूक चालेल. अचूकतेचा विचार त्यानंतर.

ड्रायव्हरमधल्या वेळेच्या बहुतांश गरजा अगदी ढोबळ असतात. लिनक्समध्ये डिस्कला दिलेली आज्ञा पूर्ण व्हायला मुळात ३० सेकंदांची मुदत असते. नेटवर्क कार्डाची पाठवण अडकली आहे का, हे पाहणारा पहारेकरी नेहमी ५ सेकंद थांबतो. अशा मुदतींत चार मिलिसेकंद इकडे किंवा तिकडे, कुणाचे काय बिघडते? त्यासाठी 'जिफीज' नावाचा साधा आकडा पडलेलाच आहे. कर्नल ठरावीक ठोक्याला त्यात एक मिळवतो. ठोके सेकंदाला १००, २५०, ३०० किंवा १०००, जशी बांधणी असेल तसे. तो वाचणे म्हणजे मेमरीतला एक चल वाचणे. उपकरणाला विचारणे नाही, कुलूप नाही, गुणाकार नाही.

विंडोजमध्येही तीच सोय आहे. 'केई-क्वेरी-इंटरप्ट-टाइम' शेवटच्या ठोक्याला नोंदवलेली वेळ हातात देते आणि तिला फारसे काही करावे लागत नाही. इथे नवे लोक एका गोष्टीला हमखास फसतात. आकडा मिळतो तो १०० नॅनोसेकंदांच्या एककात, त्यामुळे तो तितकाच सूक्ष्म आहे असा समज होतो. प्रत्यक्षात तो ठोक्याला बदलतो आणि विंडोजचा नेहमीचा ठोका १५.६ मिलिसेकंदांचा. लागोपाठ दोनदा वाचून वजाबाकी केली की उत्तर शून्य, आणि मग 'आमचे फंक्शन शून्य वेळात चालते' असे अहवाल येतात. सूक्ष्म मोजणीसाठी 'केई-क्वेरी-परफॉर्मन्स-काउंटर' आहे. मात्र मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या दस्तऐवजात बजावलेले आहे की हे फंक्शन शक्य तितके कमी वापरावे, लूपमध्ये घालू नये, कारण काही यंत्रांवर त्यापायी क्षणभर इंटरप्ट बंद होऊ शकतात आणि सगळ्या यंत्राचाच वेग मंदावतो. 'सर्वांत अचूक ते घ्या' म्हणणाऱ्यांनी हा इशारा एकदा तरी वाचावा.

ढोबळ घड्याळालाही खोड्या आहेत, त्या लपवण्यात अर्थ नाही. ३२ बिटांचा काउंटर भरला की पुन्हा शून्यावर येतो. मिलिसेकंदाला एक, या गतीने तो ४९.७ दिवसांत भरतो. विंडोज ९५ आणि ९८ चालू ठेवले की बरोबर एवढ्या दिवसांनी गोठायचे आणि मायक्रोसॉफ्टने त्याचे कारण एका ड्रायव्हर फाइलमधल्या वेळेच्या हिशेबात दाखवले होते. विनोद असा की ही गोष्ट लक्षात यायलाच बराच काळ गेला, कारण ते विंडोज इतके दिवस सलग चालणेच दुर्मीळ होते. २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक यंत्रणेने बोइंग ७८७ बाबत सूचना काढली. वीजपुरवठा सलग २४८ दिवस चालू राहिला तर जनरेटरच्या नियंत्रकातला काउंटर भरून वाहील आणि वीज जाऊ शकेल, असे त्यात म्हटले होते. सेकंदाचा शंभरावा भाग एकक धरून ३१ बिट भरायला नेमके तेवढेच दिवस लागतात. ज्याने त्याने गणित करून पाहावे.

लिनक्सवाल्यांनी यावर केलेला उपाय मला फार आवडतो. जिफीजची सुरुवात शून्यापासून होत नाही. यंत्र सुरू होताना त्यात मुद्दामच अशी किंमत भरतात की ३२ बिटांच्या हिशेबात पाचच मिनिटांत तो काउंटर उलटेल. म्हणजे ज्याचा कोड उलटण्याला तोंड देऊ शकत नाही, त्याचा ड्रायव्हर सात आठवड्यांनी ग्राहकाकडे पडण्याऐवजी पाच मिनिटांत त्याच्या स्वतःच्या टेबलावर पडतो. आणि तोंड देणे अवघड अजिबात नाही. 'आत्ता' हे 'मुदती'पेक्षा मोठे आहे का, असे थेट विचारायचे नाही. दोन्हींची वजाबाकी करून उत्तराचे चिन्ह पाहायचे. त्यासाठी 'टाइम-आफ्टर' हे मॅक्रो (नावाने बोलावता येणारा कोडचा तुकडा) तयार आहे. तरी सरळ तुलना करणारे पॅच (कोडमधले सुचवलेले बदल) येतातच.

भिंतीवरच्या घड्याळाबद्दल, म्हणजे तारीख-वार सांगणाऱ्या वेळेबद्दल, मी थोडक्यात आणि ठामपणे सांगते. किती वेळ गेला हे मोजायला तिचा वापर करूच नये. ती पुढे-मागे सरकवली जाते. कधी वापरणारा सरकवतो, कधी नेटवर्कवरून दुरुस्त होते. अशा दोन वेळांची वजाबाकी उणे आली की चिन्ह नसलेल्या चलात ती प्रचंड मोठी संख्या होते आणि धडधाकट उपकरण मृत घोषित होते. ३० जून २०१२ च्या शेवटी एक लीप सेकंद, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याशी वेळ जुळवणारा जादा सेकंद, घातला गेला, तेव्हा लिनक्सच्या सूक्ष्म टायमरांची समजूत आणि खरी वेळ यांत एका सेकंदाचे अंतर पडले. एक सेकंदाहून लहान मुदती लावल्या लावल्या संपू लागल्या आणि जगभरातले कितीतरी सर्व्हर काहीही काम न करता शंभर टक्के राबत राहिले. उतारा काय, तर आहे तीच तारीख पुन्हा एकदा सेट करायची! मोजमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २०२२ मध्ये ठराव केला आहे की ही पद्धत २०३५ पर्यंत आवरती घ्यायची. ड्रायव्हर लिहिणाऱ्याला मात्र तोवर वाट पाहण्याचे कारण नाही. एकाच दिशेने चालणारे घड्याळ त्याच्या हाताशी आहेच.

तेही एक नसून दोन असतात, हे विसरले जाते. लॅपटॉपचे झाकण मिटून तासाभराने उघडले, तर मधला तास धरायचा की नाही? लिनक्समधले 'के-टाइम-गेट' धरत नाही, 'के-टाइम-गेट-बूटटाइम' धरते. विंडोजमध्ये उलट आहे. साधी इंटरप्ट वेळ झोपेचा काळ धरते आणि न धरणाऱ्या फंक्शनच्या नावात 'अनबायस्ड' असते. उपकरण पाच सेकंदांत उत्तर देते का, एवढेच पाहायचे असेल तर झोप धरणे घातक, कारण जागे होताक्षणी ड्रायव्हर म्हणेल की तासभर उत्तर नाही. बॅटरीच्या तापमानाची शेवटची नोंद किती शिळी आहे हे ठरवायचे असेल तर झोप धरलीच पाहिजे. इथे अचूकतेचा काडीचा संबंध नाही. दोन्ही घड्याळे नॅनोसेकंदांत बोलतात आणि त्यातले एक तुमच्या कामासाठी साफ चुकीचे असते.

सूक्ष्म घड्याळ कुठेच लागत नाही, असे मी म्हणत नाही. उपकरणाच्या रजिस्टरमधला एखादा बिट लागायची, म्हणजे शून्याचा एक व्हायची, वाट पाहताना, मुदत शंभर मायक्रोसेकंदांची असेल तर जिफीज कुचकामी. तिथे प्रत्येक फेरीला 'के-टाइम-गेट' बोलवा. प्रोसेसर तसाही वाटच पाहत असतो, वाचनाची किंमत कोण मोजतो? पण तिथली चूक वेगळी असते. मी तपासते त्या कोडमध्ये क्रम बहुधा असा असतो: बिट पाहा, लागला नसेल तर वेळ पाहा, मुदत संपली असेल तर अपयश कळवा. आता बिट पाहिला आणि वेळ पाहण्याआधीच शेड्युलरने (कुठले काम कधी चालवायचे ते ठरवणाऱ्या कोडने) हा धागा बाजूला ठेवून दुसरे काम काढले, असे समजा. वीस मिलिसेकंदांनी परत आल्यावर मुदत उलटलेली दिसते. दरम्यान उपकरणाने बिट लावलेला असतो, पण त्याच्याकडे कुणी पाहतच नाही. म्हणून मुदत संपल्यावर बिट आणखी एकदा पाहायचा आणि मगच निकाल द्यायचा. लिनक्समधले वाट पाहण्याचे तयार मॅक्रो हेच करते. तरी लोक हौसेने स्वतःचा लूप लिहितात. गर्दीच्या यंत्रावर महिन्यातून कधीतरी 'उपकरण उत्तर देत नाही' असा संदेश येतो आणि दोष हार्डवेअरच्या माथी जातो.

आणखी एक जागा सांगते, कारण ती गमतीची आहे. कर्नल जेव्हा आपली वेळ अद्ययावत करत असतो, तेव्हा वाचणाऱ्याला अर्धवट आकडा मिळू नये म्हणून एक क्रमांक ठेवलेला असतो. वाचायच्या आधी आणि नंतर तो क्रमांक पाहायचा. बदलला असेल किंवा विषम असेल तर पुन्हा वाचायचे. ही युक्ती सुरेख आहे. पण अद्ययावत करण्याच्या मध्यावरच, टाळता न येणारा इंटरप्ट आला आणि त्याच्या आतून कुणी वेळ विचारली तर? लिहिणारा थांबलेला, वाचणारा तो पुरा होण्याची वाट पाहत फिरतो आहे, आणि लिहिणारा वाचणाऱ्यामुळेच थांबलेला आहे. यंत्र कायमचे अडकते. अशा जागेसाठी 'के-टाइम-गेट-मोनो-फास्ट-एनएस' हा वेगळा प्रकार ठेवला आहे. तो कधीही अडकत नाही, पण क्वचित आकडा किंचित मागे गेल्यासारखा देऊ शकतो. अचूकतेत थोडी तडजोड करून सुरक्षितता घ्यायची असते, ती अशी.

'आजचे प्रोसेसर इतके वेगवान आहेत, वीस नॅनोसेकंदांचे काय घेऊन बसलात?' असे मला नवे सहकारी विचारतात. आपले लेखकही कदाचित विचारतील. पण जाळी प्रोसेसरपेक्षा जोरात पळाली आहेत. शंभर गिगाबिटवर तेच लहान पॅकेट ६.७ नॅनोसेकंदांत येऊन जाते आणि सर्वांत स्वस्त घड्याळाचे एक वाचनसुद्धा त्या वेळात बसत नाही. म्हणून ज्यांना प्रत्येक पॅकेटची खरी वेळ हवीच असते, ते ड्रायव्हरला विचारतच नाहीत. कार्डावरच घड्याळ असते आणि पॅकेट तारेवरून आत येताना तेच शिक्का मारते. ड्रायव्हरने तो शिक्का फक्त उचलून पुढे द्यायचा. तो सॉफ्टवेअरने मारलेल्या शिक्क्याहून अचूकही असतो, कारण त्यात इंटरप्टची आणि रांगेची दिरंगाई मिसळत नाही. आपल्या लेखमालेत पुढचा भाग येणार असेल, तर या कार्डावरच्या घड्याळांवर आणि ती एकमेकांशी जुळवणाऱ्या पीटीपी या पद्धतीवर लेखकाने जरूर लिहावे. वाचायला आवडेल.

कळावे,
आपली नम्र,
ड्रायव्हर तपासणारी एक वाचक
(नाव छापू नये, ही विनंती.)